उघडं पडणारं कपाट

"या कपाटाला लाज म्हणून नाही. जरा पाठ वळली की उघडं पडतं."

सासूबाई हे कुणाला ऐकवायला म्हणाल्या नव्हत्या. पण दोन खोल्यांच्या घरात माणूस स्वतःशी जे पुटपुटतो, ते शेजारच्या खोलीतल्याच्या कानात पुटपुटल्यासारखंच असतं. थोरली केसांना पिना लावता लावता बाहेर आली, घडी केलेला पुठ्ठा तिनं कपाटाच्या फटीत सरकवला आणि दारावर तळहात दाबून धरला, किरकिऱ्या पोराला थोपटावं तसा.

"लाकूड फुगलंय," ती म्हणाली.

"लाकूडच ते. त्याचा काय भरवसा," सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

हा विषय त्या घरात नेहमी असाच संपायचा. लाकूड कधी फुगलेलं असे, कधी आकसलेलं असे. बिजागरी ढिली असे. सुतार चोर असे. तो सुतार वारून जमाना झाला होता, तरी त्याची चोरी अजून चालूच होती. खरी गोष्ट एवढीशी होती : कपाट भिंतीत बसवलेलं, चौकट भिंतीला धरून, आणि भिंत वरच्या अंगाला खोलीत कललेली. त्यामुळे दार लावलं की ते हळूच माघारी यायचं. त्याच भिंतीवरचं कॅलेंडर वरून खिळ्याला आणि खालून हवेत असायचं. पंखा लागला की बारा महिने फडफडायचे. पण भिंतीचं नाव कुणी काढत नसे. कारण भिंत घरधन्यानं, म्हणजे थोरलीच्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातानं बांधली होती, आणि घरधनी गवंडी होता.

साधासुधा गवंडी नव्हे. ह्याच्या भिंतीला ओळंबा लावून बघू नका, उलट ओळंबाच तपासून घ्या, असं ठेकेदार म्हणायचे. शहरभर त्याच्या सरळ भिंती उभ्या होत्या. आपल्या घरची तेवढी एक.

त्यामुळे त्या घरातून एक शब्दच बाद झाला होता : वाकडं. कुणी ठरवून नव्हे. जिभा आपोआप वळसा घालायला शिकल्या होत्या. गल्लीतल्या शिंप्याचं तोंड वाऱ्यानं वाकडं झालं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बिचाऱ्याचं तोंड जरा फिरलं." रस्ता वळणाचा असे, खिळा कललेला असे, आणि भाजीवालीशी थोरली वाकड्यात शिरण्याऐवजी आडव्यात शिरत असे. थोरलीची लेक शाळेत असताना तिला एकदा म्हणी पाठ करायला दिल्या होत्या. 'नाचता येईना अंगण वाकडं' असं ती मोठ्यांदा घोकायला लागली आणि थोरलीनं तिला घाईघाईनं मीठ आणायला पिटाळलं. घरात मिठाचा डबा गच्च भरलेला होता. लेक मीठ घेऊन आली, डब्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि ती म्हण तिनं पुन्हा कधी म्हटली नाही. पोर हुशार होती.

आज धाकटीकडं जायचं होतं. जेवण हे निमित्त. खरं म्हणजे घर बघायला.

धाकटी म्हणजे थोरलीची पाठची बहीण. तिला त्या नव्या इमारतीत घर मिळालं होतं. त्या इमारतींबद्दल सगळं शहर बोलत होतं. घरासाठी नाव नोंदवून माणसं रांगेत म्हातारी होत होती. एखादी इमारत पायापासून गच्चीपर्यंत जाईतो तिच्यात राहायला येणाऱ्यांची पोरं लग्नाची होत. मग गृहमंडळानं नवी रीत काढली. नदीपलीकडं कारखाना उभा केला. तिथं अख्ख्या भिंतीच साच्यात आडव्या ओतायच्या, खिडकीची जागा ठेवून, विजेच्या नळ्या पोटात घालून. वाफेवर त्या पक्क्या करायच्या, लांबलचक गाडीवर उभ्या करून आणायच्या, आणि क्रेननं उचलून जागच्या जागी ठेवायच्या. खाली माणसं सांधे जुळवतात, त्यात सिमेंटचा मसाला भरतात, की झाली खोली. बघता बघता मजल्यावर मजला. गवंड्यांच्या गल्लीत याला 'पत्त्यांचा बंगला' म्हणत. ते नाव थोरलीच्या नवऱ्यानंच पाडलं होतं, आणि त्याला ते फार आवडायचं.

त्या क्रेनवर बसायचा धाकटीचा नवरा. म्हणजे गवंड्याचा साडू. पोटात दुखायचं ते इथं.

हा साडू पूर्वी गवंड्याच्याच हाताखाली घमेली वाहायचा. गडी कष्टाळू, तोंडानं गोड. त्याला वीटकाम शिकायची फार हौस होती, म्हणून गवंड्यानं त्याला एक दिवस छोटीशी भिंत दिली. संध्याकाळी ओळंबा लावला, बघितलं, आणि ओली भिंत पायानं ढकलून दिली. सगळ्या मजुरांसमोर म्हणाला, "तुझा हात वाकडा आहे. वीट तुझं काम नाही." तेव्हा तो शब्द चालत होता. स्वतःचं घर बांधायचं अजून बाकी होतं.

धाकटीचं लग्न त्याच्याशी थोरलीनंच जमवलं. बहीण जवळ राहील, असं ती सगळ्यांना म्हणाली. जवळ राहील आणि एक पायरी खाली राहील, असं तिला वाटलं होतं. पण असलं कुणी कुणाला सांगतं होय?

आता धाकटी चौथ्या मजल्यावर होती.

घरासाठी नाव गवंड्याचंही नोंदलेलं होतं, फार वर्षांपूर्वी, थोरलीच्या हट्टापायी. दुसऱ्या इमारतीत त्यांची पाळी लागली होती. सोमवारपर्यंत होय की नाही कळवायचं, नाहीतर घर रांगेतल्या पुढच्याला. निरोप आला तेव्हा गवंडी म्हणाला होता, "त्या खोक्यात मी पाऊल ठेवणार नाही. मला माझं घर आहे." आणि चहा प्यायला होता.

थोरलीला ते घर हवं होतं. लेक दिवसभर रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करून यायची आणि मोरीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन परीक्षेचा अभ्यास करायची, कारण दिवा आणि शांतता एकत्र तिथंच मिळे. सासूबाईंना गुडघे धरत धरत गल्लीच्या टोकाच्या संडासापर्यंत न्यावं लागे. थोरलीला ते घर इतकं हवं होतं की ती त्याबद्दल एक अक्षर बोलत नसे. नवं घर हवं म्हणायचं, तर ह्या घरात काय कमी आहे ते सांगावं लागलं असतं. आणि सांगायला सुरुवात केली असती, की बोलणं कपाटापाशी येऊनच थांबलं असतं.

"चला," गवंडी म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, चांगली पँट. पँटचा उजवा खिसा मात्र खाली ओढला गेलेला.

"खिशात काय घेतलंय?" थोरलीनं विचारलं.

"काही नाही."

ती पँट आजवर तिनंच धुतली होती. कुठल्या वजनानं खिसा किती लोंबतो, ते तिला पाठ होतं. ओळंबा होता. माणसं दुसऱ्याचं घर बघायला मिठाई घेऊन जातात. हा ओळंबा घेऊन निघाला होता. तिला हसू आलं, आणि लगेच मनात आलं, बरं केलं.

सासूबाई गुडघ्याचं कारण सांगून घरीच राहिल्या. "तुम्ही बघून या आणि मला सांगा काय काय वाईट आहे ते," असं मात्र म्हणाल्या.

इमारत लांबूनच दिसायची. मागं तिची भावंडं उभी राहत होती, कुणी कमरेएवढी, कुणी खांद्याएवढी. रविवार म्हणून क्रेन गप्प होती. गवंड्यानं मान वर करून क्रेनकडं पाहिलं, गल्लीत नव्यानं आलेल्या बड्या असामीकडं पाहतात तसं, म्हणजे न पाहिल्यासारखं.

धाकटी दारातच उभी होती. "ये ताई, या भाऊजी. चपला इथं, ह्या कप्प्यात." चपलांनासुद्धा कप्पा होता.

आत गेल्याबरोबर थोरलीनं श्वास ओढून घेतला. नव्या घराला ओल्या सिमेंटचा वास असतो. तो वास तिच्या नवऱ्याच्या अंगाला असे, उशीला असे. तिच्या संसाराचा वासच तो होता. इथं नव्हता.

"भिंती वाळूनच आल्या ना कारखान्यातून," धाकटी म्हणाली. "परवा आलो आणि काल खिडक्यांना पडदेसुद्धा लागले."

मग तिनं घर दाखवायला घेतलं. दाखवायची तिची पद्धत अशी, की ती काही मिरवत नाही असं वाटावं. "इथं काय, नुसतं स्वैपाकघर," असं म्हणून ती बाजूला सरली. भांडी घासायच्या जागेसमोर खिडकी होती, आणि खिडकीत आभाळ होतं. "संडास घरातच आहे, बाई, मला तर आधी कसंतरीच वाटलं," असं म्हणून तिनं बटण दाबून पाणी सोडून दाखवलं. लेकीनं ते पुन्हा एकदा दाबून पाहिलं. थोरली प्रत्येक ठिकाणी "छान" म्हणत होती. स्वैपाकघरात ते पूर्ण 'छान' होतं. न्हाणीघरापाशी त्यातला काना गेला. गॅलरीत पोचेपर्यंत नुसतं "हं" उरलं.

हेवा हा शब्द थोरलीनं स्वतःबद्दल कधी वापरला नसता. तिला बरंच वाटत होतं बहिणीचं. सख्ख्या बहिणीचं बरं झालं तर कुणाला बरं वाटणार नाही? फक्त ते बरं वाटणं घशाशी येऊन जळत होतं.

"मी पानं घेते, तू बस जरा निवांत," असं म्हणून धाकटी तिला आतल्या खोलीत सोडून गेली. तिथं पलंग होता आणि भिंतीत बसवलेलं कपाट होतं. अगदी घरच्यासारखं, भिंतीतलं. थोरलीनं सवयीनं इकडंतिकडं पुठ्ठा कुठं दिसतो का ते पाहिलं. नव्हता. तिनं दार उघडलं. आत धाकटीच्या साड्यांऐवजी अजून बोचकीच होती. तिनं दार अर्धं लोटलं आणि हात काढून घेतला.

दार थांबलं.

तिनं ते आणखी थोडं लोटलं. तिथंही थांबलं. मग अगदी फटीएवढं ठेवलं. दार फटीएवढंच राहिलं, शहाण्या मुलासारखं, जिथं सोडलं तिथं. थोरली वाट बघत राहिली. आत्ता येईल माघारी. आत्ता येईल. आलं नाही.

खिडकीतल्या आभाळाचं तिला एवढं काही वाटलं नव्हतं. घरातल्या संडासाचं वाटलं होतं, पण ते सगळ्यांनाच वाटलं असतं. ह्या दारानं मात्र तिच्या काळजात काहीतरी खुपसलं. धाकटीनं ह्या दाराला एकदा तरी थोपटलं असेल का? ह्याच्यासाठी एकदा तरी खोटं बोलली असेल का? तिनं दार जोरात लावलं. ते लागलं, आणि लागूनच राहिलं.

जेवताना साडू वाढत होता. बायकोच्या हातातलं भांडं घेऊन तो स्वतः फिरत होता, आणि गवंड्याला अजून पूर्वीसारखा 'मिस्तरी'च म्हणत होता. साडूभाऊ म्हणायचा हक्क असूनही. त्याचाही गवंड्याला राग येत होता. माणूस नमतं घेतो तेव्हा भांडायची पंचाईत होते.

गवंडी घास खाता खाता घराकडे बघत होता. आवाज घुमतो, असं म्हणाला. सामान आलं की जाईल, असं साडू म्हणाला. भिंतीत खिळा जायचा नाही, असं गवंडी म्हणाला. साडू म्हणाला, खरंय, खिळा जात नाही, भोक पाडावं लागतं. सगळ्यांची घरं सारखीच दिसणार, माणूस दारू न पिताच चुकीच्या घरात शिरायचा, असं म्हणाला. ह्यावर साडू मनापासून हसला आणि म्हणाला, परवा एक जण खरंच शिरला होता. प्रत्येक खोट तो अशी हात पुढं करून घेत होता, जणू गवंडी वाढतोय आणि तोच जेवतोय.

मग त्यानं कामाचा विषय काढला. सांधे भरायला जाणती माणसं मिळत नाहीत, नवी पोरं मसाला कसाही कोंबतात, मिस्तरी आले तर साहेबांना सांगता येईल. हे त्यानं आधीही धाकटीकरवी सुचवलं होतं, आणि उत्तरही तेच आलं. "मी भिंती बांधतो," गवंडी म्हणाला. "फटी बुजवत नाही."

लेकीनं ताटात बघितलं. गेलं वर्षभर बाबा लोकांच्या न्हाणीघरांतल्या गळक्या फटीच बुजवत होते. हेही न बोलायच्या गोष्टींतच जमा होतं. ती यादी हल्ली वाढत चालली होती.

धाकटीला नवऱ्याचं नमतं घेणं सहन होईना. ती थोरलीकडं वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, "ताई, तुझं ते कपाट गं? अजून उघडतंच का?"

"लाकूड फुगतं," थोरली म्हणाली.

"अजून फुगतंच आहे?" धाकटी म्हणाली. "एव्हाना त्याचा फणस व्हायला हवा होता."

कुणी हसलं नाही. धाकटीलाही ते जरा जास्त झाल्यासारखं वाटलं असावं, पण गाडी उताराला लागली होती. "नाही, मी आपलं म्हणते. आमच्या ह्यांची भिंत भाऊजींनी लाथेनं पाडली होती ना. हात वाकडा म्हणून. आता हे दिवसाला किती भिंती उभ्या करतात, एक तरी वाकडी निघावी की नाही?"

तो शब्द ताटांच्या मधोमध येऊन पडला. एकदा नव्हे, दोनदा.

"अगं, ताईंना वाढ," साडू हलक्या आवाजात म्हणाला.

गवंड्यानं उरलेलं अन्न नीट संपवलं. अन्न टाकायची त्याला सवय नव्हती. मग हात धुवायला म्हणून उठला, आणि हात धुऊन परत आला नाही.

थोरलीला माहीत होतं तो कुठं असेल. पाण्याचा तांब्या भरायचं निमित्त करून ती आत गेली. आतल्या खोलीचं दार निम्मं उघडं होतं, आणि अर्थातच निम्मंच राहिलं होतं. तिच्या नवऱ्यानं खुर्ची भिंतीशी ओढली होती. चपला नव्हत्याच, तरी त्यानं खुर्चीवर आधी वर्तमानपत्र पसरलं होतं. परक्याच्या वस्तूला पाय लावताना तो नेहमी तसं करायचा. मग वर चढला, ओळंब्याचा लाकडी गट्टू भिंतीला टेकवला आणि दोरी सोडली.

ओळंब्याचं काम सोपं असतं. वरचा गट्टू आणि खालचा लंबक, दोघांची रुंदी एक. वर गट्टू भिंतीला टेकला, की खाली लंबकानं भिंतीला जेमतेम शिवायचं, शिवून न शिवल्यासारखं. लांब राहिला तर भिंत तुमच्या अंगावर येतेय. भिंतीवर पडला तर ती तुमच्यापासून पळतेय. लग्न झालं तेव्हा नवऱ्यानं थोरलीला हेच पहिलं शिकवलं होतं. दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं म्हणून.

लंबक डोलत होता. थोरली श्वास धरून उभी राहिली. आणि ज्या बाईला हे असलं घर हवं होतं, जिला त्यासाठी उद्याची भीती वाटत होती, तीच बाई मनात म्हणायला लागली : असू दे वाकडी. दोन बोटं नको. बोटभर. बोटभर नको, गव्हाच्या दाण्याएवढी तरी असू दे. ह्यांच्यासाठी असू दे. पण फक्त ह्यांच्यासाठी नव्हतं ते, हेही तिला कळत होतं. धाकटीचं दार तिला एकदा तरी माघारी आलेलं बघायचं होतं.

लंबक थांबला. भिंतीला शिवला, न शिवल्यासारखा.

गवंडी उतरला, खुर्ची दुसऱ्या भिंतीशी नेली, वर्तमानपत्र पुन्हा पसरलं. तिसऱ्या भिंतीशी नेली. तिथं लंबक थांबल्यावरही तो बराच वेळ दोरी धरून राहिला, जणू थोडा वेळ दिला तर भिंतीचं मन बदलेल.

"मिस्तरी."

साडू दारात आला होता. थोरली चटकन मागं सरली. गवंडी खुर्चीवर उभा, हातात दोरी. लपवायला जागा नव्हती.

"मीपण लावून बघितला होता," साडू म्हणाला. "राहायला यायच्या आधी. सगळ्या खोल्यांना. भिंत दिसली की ओळंबा लावायचा, तुम्हीच शिकवलंय ना."

गवंडी दोरी वर ओढून घ्यायला लागला.

"ही काही मी बांधलेली नाही, मिस्तरी. साच्यातून येते, मी वरून नुसती उचलून ठेवतो. माझा हात वाकडा तो वाकडाच आहे. तुम्ही बोललात ते खोटं नव्हतं." जरा थांबून तो म्हणाला, "फक्त लोकांसमोर बोलायला नको होतं."

गवंडी खुर्चीवरून खाली उतरला. वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती साडूच्या हातात दिली. "खरंय," तो म्हणाला. कुठल्या वाक्याला, ते थोरलीला कळलं नाही. ती भरलेला तांब्या घेऊन पुन्हा भरायला गेली.

परतीच्या बसमध्ये तिघांना बसायला जागा मिळाली, तरी कुणी निवांत बसलं नव्हतं. लेक खिडकीतून मागं पडत जाणाऱ्या इमारतींकडे पाहत होती. एका थांब्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, उद्या सोमवार."

"माहीत आहे," गवंडी म्हणाला.

"नाही, मी आपलं वार सांगितला."

घरी पोचले तेव्हा सासूबाई पलंगावर उशीला टेकून तयारीतच बसल्या होत्या. थोरलीनं चहा ठेवला आणि त्यांना हवं ते द्यायला सुरुवात केली. भिंतीत खिळा जात नाही. बोललेलं घुमतं. उंबरा नावालाच आहे. सगळी दारं सारखी. आणि धाकटीचं बोलणं तर विचारूच नका, चौथ्या मजल्यावरून बोलते. सासूबाई एकेक ऐकत होत्या आणि समाधानानं मान हलवत होत्या. "म्हटलंच होतं मी," त्या म्हणाल्या. "साच्यातलं ते साच्यातलंच. हातचं ते हातचं."

थोरलीनं आभाळाची खिडकी सांगितली नाही. दाराचं तर नाहीच सांगितलं.

कपाट उघडं होतं. पुठ्ठा जमिनीवर पडला होता. थोरली तो उचलायला वाकली, तेवढ्यात गवंडी म्हणाला, "राहू दे."

त्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. ह्या वेळी कागद पसरला नाही. स्टूल घरचं होतं. त्यानं आधी खिळ्यावरचं कॅलेंडर उतरवून लेकीच्या हातात दिलं. मग गट्टू भिंतीला टेकवला आणि दोरी सोडली. लंबक भिंतीपासून दूर, खोलीच्या हवेत डोलायला लागला.

खोलीतल्या तीन बायकांनी तीन दिशांना पाहिलं. सासूबाईंनी चहाच्या कपात, लेकीनं कॅलेंडरमध्ये. थोरलीनं दोरीकडं पाहिलं आणि तिला भलतंच आठवलं. लेक तेव्हा तिच्या पोटात होती. हा माणूस दिवस उजाडल्यापासून लोकांच्या भिंती सरळ करायचा आणि संध्याकाळी, जो काही उजेड लोकांकडून उरून आलेला असे, त्यात ही भिंत चढवायचा. पाऊस तोंडावर आलेला. ती कंदील धरून उभी राहायची. ह्यानं ओळंबा सोडलेला असे, पण काळोखात ओळंब्याची दोरी दिसत नाही. नुसती आहे असं समजून पुढची वीट ठेवायची. विटा चढत गेल्या. तो मध्येच विचारायचा, "तू दमलीस का?" ती म्हणायची, "नाही." ती विचारायची, "तुम्ही?" तो म्हणायचा, "नाही." दोघंही खोटं बोलत होती, आणि ते खोटंसुद्धा त्या भिंतीत बसलेलं होतं, विटांबरोबर.

लंबक थांबला. भिंत आणि लंबक ह्यांच्यामध्ये गवंड्यानं बोटं घालून पाहिली. दोन बोटं सहज मावली. त्यानं ती काढून घेतली, दोरी गुंडाळली, गट्टूभोवती नीट वेढे दिले आणि ओळंबा कपाटातल्या खालच्या फळीवर ठेवून दिला. दार लावायच्या भानगडीत तो पडला नाही.

"बाळ," तो लेकीला म्हणाला, "उद्या कळव त्यांना. होय म्हणून."

लेकीनं कॅलेंडर छातीशी धरलं आणि आईकडं पाहिलं. थोरली चुलीकडं तोंड करून उभी राहिली. आत्ता तोंड दिसलं असतं तर त्यात काय काय दिसलं असतं, त्याचा तिला भरवसा नव्हता.

"होय म्हणून?" सासूबाई उशीवरून ताठ झाल्या. "अरे, पत्त्यांचा बंगला तूच म्हणत होतास ना? खिळा जात नाही, उंबरा नाही, आणि तिथं जायचं? हे तुझ्या हातचं घर आहे. बापाचं नव्हे, ठेकेदाराचं नव्हे, तुझ्या हातचं. काय वाईट आहे ह्यात? सांग ना. ह्या घरात असं आहे काय वाईट?"

कपाटाचं दार जरासं करकरलं आणि आणखी थोडं उघडलं.

थोरली वळली. तिच्या ओठांवर लाकूड आलं होतं. फुगलेलं, आकसलेलं, कुठलंही चाललं असतं. पण नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, नको म्हणावं तसा हात किंचित वर केला, आणि स्टुलावर बसून आईच्या तोंडाकडे बघत म्हणाला,

"वाकडं आहे, आई."